जात्यावर बसलं की...



"सुरुवात तर करू या, जात्यावर बसलं की ओवी सुचेलच!" हे वाक्य मी गेल्या काही वर्षांत स्वयंपाकघरापेक्षा कॉन्फरन्स रूममध्ये जास्त वेळा ऐकलं आहे. आराखडा तयार नाही, डेडलाइन डोक्यावर आली आहे, आणि टीममध्ये आणखी एखादा मराठी माणूस असला की ही म्हण हमखास निघते. कामाला लागलं की मार्ग सापडतो, एवढाच अर्थ आपण घेतो. तो बरोबरच आहे. पण म्हण जरा शब्दशः घेऊन बघा. आधी बाई जात्यावर बसते, मूठभर दाणे घालते, खुंट्याला हात लावते, आणि मग तिला ओवी सुचते. कविता कशी होते हे मराठीत इतक्या थोडक्यात दुसऱ्या कुणी सांगितल्याचं मला तरी आठवत नाही.

हे आठवायला निमित्त असं की कविता लिहावीशी वाटणारी पुष्कळ माणसं आपल्यात आहेत आणि त्यांची तक्रार बहुधा एकच असते. "लिहावंसं वाटतं हो, पण माझ्या आयुष्यात लिहिण्यासारखं काही घडतच नाही. सकाळी उठायचं, ट्रेन पकडायची, आठ तास स्क्रीनपुढे बसायचं, संध्याकाळी मुलांना क्लासला सोडायचं." मग हीच माणसं दिवाळीला मंडळाच्या स्मरणिकेसाठी कविता देतात तेव्हा तिच्यात प्राजक्ताचा सडा, शेणानं सारवलेलं अंगण, तुळशीवृंदावन आणि आजीची गोधडी अशी सगळी मंडळी हजर असतात. ज्यांचं बालपण डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर गेलं त्यांच्याही कवितेत अंगण असतं! (ह. घ्या.) रोजच्या साध्या जगण्यातून कविता कशी काढायची हा प्रश्न आपल्याला आपला खास वाटतो, पण मराठी कवितेचा इतिहास बराचसा याच प्रश्नाभोवती फिरलेला आहे. तो मला जसा दिसतो तसा इथे मांडतो.

सुरुवात ज्ञानेश्वरांच्याही आधीपासून करावी लागते. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावावर 'मानसोल्लास' नावाचा एक संस्कृत ग्रंथ आहे, इ. स. ११२९च्या सुमाराचा. राजाला जे जे ठाऊक असावं त्याचा तो कोशच म्हणा ना. हत्ती, रत्नं, शिकार, स्वयंपाक, संगीत, सगळं आहे. त्यात संगीताच्या ओघात एक छोटा उल्लेख येऊन जातो की महाराष्ट्रात बायका कांडताना ओवी गातात. बस, एवढंच. पण त्यावरून कळतं की ज्ञानेश्वरीच्या दीडशे वर्षं आधी ओवी होती, ती बायकांच्या तोंडी होती, आणि हातात मुसळ असताना होती. आपल्या भाषेतल्या कवितेबद्दलच्या अगदी जुन्या नोंदींपैकी ही एक, आणि ती दरबारातल्या कवीबद्दल नाही हे मला फार आवडतं.

आपल्यापैकी बहुतेकांनी जातं फिरवलेलं नाही, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. दळण पहाटे, अंधारात. एकटीनं किंवा दोघींनी समोरासमोर बसून. एक हात खुंट्यावर, दुसरा मधूनमधून दाण्यांकडे. घर झोपलेलं असतं. दगडाची घरघर एवढी की बाई काय म्हणते ते पलीकडच्या खोलीत नीट कळत नाही. सुनेला अख्ख्या दिवसात मनातलं उघड बोलायला मिळणारी हीच वेळ. ओवी दोन ओळींची, शेवटी यमक, आणि तिची लांबी ठरते ती हाताच्या फेऱ्यावर आणि छातीतल्या दमावर. विषय कुठले? लेकरू, भाऊ, आई, सासूचा जाच, पंढरीचा विठ्ठल, आलेला पाऊस, न आलेला मुऱ्हाळी. पहिली ओवी कुणाला, दुसरी कुणाला असं मोजत मोजत दळण संपायचं. साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन'मध्ये अशा ओव्या गोळा केल्या. त्या वाचताना एक गोष्ट सारखी जाणवते, ती म्हणजे या बायका भावनेचं नाव फारसं घेत नाहीत. दुःख, विरह असले शब्द जवळजवळ नाहीतच. भाऊ कुठल्या वाटेनं येईल, त्याच्या बैलांच्या गळ्यात काय असेल, त्याला वाढायला घरात काय आहे, हे मात्र तपशीलवार असतं.

आता जरा थांबून त्या बाईची अवस्था पाहा. जिथं वाढली ते घर सुटलेलं. नव्या घरात माणसं वेगळी, रीत वेगळी, बोलायची पद्धत वेगळी. वर्षातून एकदा जायला मिळालं तर मिळालं, आणि तेही वरच्याची परवानगी असेल तर. रजा, व्हिसा, तिकिटाचे भाव यांची आठवण झाली ना? परदेशात गेलेल्या मराठी माणसाच्या शेकडो वर्षं आधी घर सोडून दुसरीकडे राहायला गेलेला मराठी माणूस म्हणजे लग्न झालेली मुलगी. तिची ओवी माहेराच्या आठवणींनी भरलेली आहे. पण ती आठवण येते तेव्हा तिचा हात सासरच्या खुंट्यावर असतो. आपल्या कवितांत माहेर भरपूर असतं, हात कुठेच नसतो. मला वाटतं घोटाळा नेमका इथे आहे. आठवणीवर लिहू नये असं मी मुळीच म्हणत नाही, तसं म्हटलं तर निम्म्या ओव्या बाद होतील. प्रश्न एवढाच की आठवण येते तेव्हा आपण काय करत असतो?

असो. ज्ञानेश्वरीकडे येऊ. शके १२१२, म्हणजे इ. स. १२९०, नेवासे. संस्कृतातलं तत्त्वज्ञान मराठीत सांगायचं होतं, आणि त्यासाठी ज्ञानेश्वरांनी उचलला तो ओवीचा छंद. बायकांच्या गळ्यातली ओवी ग्रंथात आली, साडेतीन चरणांची झाली. छंदाबरोबर तिच्यातली सवयही आली असं मला वाटतं. बाराव्या अध्यायात भक्ताची लक्षणं सांगताना ते काय काय आणतात बघा. बागेत माळी पाण्याला पाट काढून जिकडे वळवेल तिकडे ते कुरकुर न करता जातं, माणसानं तसं व्हावं. झाड लावणाऱ्याला जी सावली देतं तीच कुऱ्हाड घेऊन आलेल्याला देतं. पहिल्या अध्यायात भुंगा येतो. कोरडं लाकूड पोखरणारा हा गडी कमळाच्या कोवळ्या कळीत मात्र अडकून बसतो. माया म्हणजे काय यावर पंडितांनी पानंच्या पानं लिहिली आहेत, पण सुतारकाम करणारा भुंगा एकदा डोळ्यांपुढे आला की विसरता येत नाही. यातलं पाणी 'पाण्यासारखं निर्मळ मन' या छापाचं नाही. ते पाटातून चाललेलं आहे, त्याला कुणीतरी फावड्यानं वळवलं आहे. वस्तू नुसती ठेवलेली नसते, ती कामात असते.

पुढे संतांनी ही गोष्ट आपापल्या दुकानात नेली. सावता माळ्याला कांद्यामुळ्यात विठाई दिसली. सेना न्हाव्याच्या अभंगात आरसा आला, नरहरी सोनाराच्या अभंगात भाता आणि हातोडी आली. गोरा कुंभार तर, दंतकथेप्रमाणे, संतांची डोकी थापटून कुठलं मडकं कच्चं ते सांगायला बसला, आणि नामदेव कच्चे निघाले. हे सगळं आपण शाळेत पाठ केलेलं असल्यामुळे त्यातलं नवल बोथट झालं आहे. ज्या समाजात धंदा म्हणजे जात आणि जात म्हणजे जागा, तिथे हा माणूस धंद्याची हत्यारं देवाच्या पुढ्यात ठेवून म्हणतो की माझी भाषा हीच. चोखोबांना देवळात प्रवेश नव्हता. त्यांनी वाकड्या उसाचा दाखला दिला, की ऊस वाकडा असेना, रस वाकडा नसतो. शेताच्या बांधावर उभं राहून दिसणारी गोष्ट. तिच्यात केवढा जाब विचारलेला आहे!

पण या सगळ्यांत मी जनाबाईपाशी जास्त रेंगाळतो. गंगाखेडची मुलगी, नामदेवांच्या घरी दासी. दळण, कांडण, झाडलोट, पाणी, गोवऱ्या, धुणं. तिच्या अभंगांत विठ्ठल येऊन हीच कामं करू लागतो. जातं ओढतो, केर भरतो, पाण्याला जातो, तिच्या डोक्यातल्या उवासुद्धा काढतो. भक्त देवाला आपल्या घरी बोलावतो हे सगळीकडे आहे. देवाला केर काढायला लावणारी ही एकच असावी. आणि यात मोठी कल्पनाशक्ती वगैरे दिसण्याआधी मला दिसते ती दमलेली बाई. एकटीनं ओढवत नाही म्हणून समोर कुणीतरी बसावं असं तिला वाटतं, आणि समोर कोणी नाही. जातं दोघींचं असतं हे वर म्हटलंच. त्या रिकाम्या जागेवर तिनं विठ्ठलाला बसवलं.

यावरून मी एक साधी परीक्षा करत असतो, आपल्या आणि दुसऱ्यांच्याही कवितेची. कवितेतली वस्तू काढून घ्यायची. जनाबाईच्या अभंगातलं जातं काढा, अभंगच उरत नाही. आता आपल्या स्मरणिकेतल्या कवितेतला प्राजक्त काढा आणि मोगरा घाला. काही बिघडतं का?

तुकोबांबद्दल थोडक्यात, कारण त्यांच्यावर सगळेच बोलतात. देहूचा वाणी. १६३०च्या आसपासच्या भयंकर दुष्काळात पहिली बायको अन्नावाचून गेली, धंदा बुडाला. त्यांच्या अभंगांत दुकान, माप, उधारी, दिवाळं हे शब्द येतात ते उपमा म्हणून शोधून आणलेले नाहीत, ते अंगावर बसलेले वळ आहेत. स्वतःच्या कवित्वाबद्दल बोलताना सुद्धा ते म्हणतात काय, तर माल धन्याचा आहे, आपण नुसते हमाल.

मग पंडित कवींचा काळ. त्यांची विद्वत्ता आणि भाषेवरची हुकमत यांपुढे हात जोडावेत अशीच आहे. मोरोपंतांनी (१७२९ ते १७९४) एकशे आठ रामायणं रचली. त्यात एक 'निरोष्ठ' आहे, म्हणजे ओठाला ओठ लागेल असं अक्षर न वापरता केलेलं. आपल्यातल्या प्रोग्रॅमर मंडळींना याचं कौतुक वाटेल, मलाही वाटतं. पण त्यांच्या कवितेत चेहरा चंद्रासारखा आणि डोळे कमळासारखे हे आधीच ठरलेलं असतं. कविता पुस्तकातून पुस्तकात जाऊ लागली. घराघरांत जाती फिरतच होती, ओव्या चालूच होत्या, पण त्यांना कविता म्हणायचं कुणाच्या डोक्यात नव्हतं.

केशवसुतांनी (१८६६ ते १९०५) दार उघडलं. सुनीत मराठीत आणलं ते त्यांनी, म्हणून ते परीक्षेत येतात. मला महत्त्वाचं वाटतं ते हे की त्यांच्या कवितांची नावंच 'अंत्यजाच्या मुलाचा पहिला प्रश्न', 'मजुरावर उपासमारीची पाळी' अशी आहेत. रात्री रस्त्यानं जाताना कुणाच्या तरी खिडकीतून सतार ऐकू येते, आणि एवढ्यावर एक कविता उभी राहते. पण दार उघडलं की सगळेच आत येतात. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकापर्यंत नवे साचे तयार झाले होते. प्रेमभंग, चांदणं, तुटलेली वीणा, उदास संध्याकाळ. १९२५ साली आचार्य अत्र्यांनी 'केशवकुमार' या नावानं 'झेंडूची फुले' काढलं आणि या सगळ्या नखऱ्यांची विडंबनं करून महाराष्ट्राला हसवलं. ही विडंबनं नुसती थट्टा नव्हती. कवितेतून खरी वस्तू गायब झाली की ती किती सहज नक्कल करण्याजोगी होते, हे त्यांनी दाखवून दिलं.

हे अत्र्यांचं प्रकरण मुद्दाम आणलं, कारण सत्तावीस वर्षांनी हाच माणूस पुन्हा भेटतो.

बहिणाबाई चौधरी. जन्म १८८०, जळगावजवळचं आसोदे. लग्न होऊन जळगावात. ऐन तारुण्यात वैधव्य. अक्षरओळख नाही. शेतात आणि घरात काम करताना लेवा बोलीत गाणी रचत, आणि ती हवेतच जात. मुलगा सोपानदेव स्वतः नावाजलेला कवी. त्यानं आणि एका नातेवाइकानं यातली काही ऐकून उतरवून ठेवली. १९५१च्या डिसेंबरात बहिणाबाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ते बाड अत्र्यांना दाखवलं. कृत्रिम कवितेची इतकी वर्षं टर उडवलेला माणूस ते वाचून थक्क झाला. हे महाराष्ट्रापासून लपवून ठेवणं हा गुन्हा आहे, असं त्यांचं म्हणणं पडलं, आणि १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईची गाणी' छापून आली. (बिचारे सोपानदेव! जन्मभर कविता लिहिली आणि लोकांनी ओळखलं ते बहिणाबाईंचा मुलगा म्हणून. पण त्यांनी ते बाड दाखवलं नसतं तर?)

बहिणाबाईंना आपण फार लवकर सुविचारांच्या खात्यात टाकलं, कॅलेंडरवर छापलं. त्यामुळे त्या पाहत कशा होत्या याकडे दुर्लक्ष होतं. सुगरणीच्या खोप्यावर त्या बोलतात तेव्हा आधी खोपा आहे. तो झाडाला कसा टांगला आहे, पक्ष्याकडे हत्यार काय आहे, हे सगळं पाहून झाल्यावर त्या माणसाकडे वळतात. मनाबद्दल सांगताना उभ्या पिकात शिरलेलं ढोर येतं, हाकललं तरी परत येणारं. ज्यानं शेत राखलं आहे त्यालाच ते ढोर किती वेळा परत येतं हे माहीत. क्रम बघा. आधी डोळे, मग हात, भावना सगळ्यात शेवटी. आपण उलट करतो. आधी भावना ठरवतो आणि मग तिच्यावर टाकायला फुलं शोधत हिंडतो.

त्यांचं एक गाणं जळगावातल्या छापखान्यावर आहे. ज्या बाईला एक अक्षर वाचता येत नव्हतं तिनं यंत्र चालताना पाहिलं, कोरा कागद एका बाजूनं आत जातो आणि छापून बाहेर येतो हे पाहिलं, आणि त्या कागदाला शहाणपण आल्याचं तिला दिसलं. तोवर मराठीतले किती पदवीधर कवी छापखान्यात गेले असतील! पुस्तकं तर सगळ्यांचीच छापली जात होती. खेड्यातली बाई म्हणजे शेत, विहीर, मोट असं आपण धरून चालतो. बहिणाबाईंनी जे समोर आलं ते घेतलं, नवं यंत्र आलं तर यंत्र घेतलं. हे जास्त सांगायचं कारण असं की 'साधं, रोजचं' म्हणजे 'जुनं, गावाकडचं' असा एक गैरसमज आपल्यात घट्ट आहे.

शहराच्या बाजूनं तो मर्ढेकरांनी मोडला. आय.सी.एस. होण्यासाठी इंग्लंडला गेलेला आणि ते न होता परत आलेला हा खानदेशातला मुलगा पुढे आकाशवाणीत नोकरीला लागला. 'काही कविता' १९४७ साली आलं. त्यात पिंपात बुडून मेलेले उंदीर आहेत, विजेचे दिवे आहेत, यंत्रं आहेत, आणि बिडी ओढता ओढता माडी बांधायची स्वप्नं पाहणारा, ती तशीच ठेवून मरून जाणारा गणपत वाणी आहे. लोक चक्रावले, पुढे अश्लीलतेचा खटलाही झाला, त्यातून ते सुटले. गंमत म्हणजे हे सगळं त्यांनी पुष्कळदा जुन्या, अभंग-ओवीच्या चालीतल्या छंदांतच सांगितलं. महानगराला त्यांनी जात्यावर बसवलं म्हणा. इकडे बेळगावात इंदिरा संत (१९१४ ते २०००) अगदी वेगळ्या वाटेनं तेच करत होत्या. पतीच्या अकाली मृत्यूनंतर पन्नासहून अधिक वर्षं त्या घरातल्या घरात, ओट्यापाशी, खिडकीशी उभं राहून लिहीत राहिल्या. आवाज कधी चढला नाही.

नारायण सुर्व्यांवर खरं तर स्वतंत्र लिहायला हवं. गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराला रस्त्यावर सापडलेलं हे मूल. आडनाव त्यांचंच. गिरणीत काम, शाळेत शिपाई, मग शिक्षक. 'ऐसा गा मी ब्रह्म' १९६२, 'माझे विद्यापीठ' १९६६. त्यांनी मराठी कवितेला दिलेली गोष्ट म्हणजे दुसऱ्याचा आवाज. 'मास्तर, तुमचंच नाव लिवा' या कवितेत कवी बोलतच नाही. मुलाला शाळेत घालायला आलेली बाई बोलते, आणि समोर मास्तर फॉर्म घेऊन बसला आहे. बापाच्या नावाची जागा रिकामी आहे. रोज शेकडो शाळांत भरला जाणारा कागद, त्यातला एक रकाना. फॉर्म भरताना आपण किती फॉर्म भरतो हो! निळे, पांढरे, ऑनलाइन, तीन प्रतींत. त्यात 'कायमचा पत्ता' अशी एक ओळ असते आणि तिथे पेन अडखळतं, हे माझ्या ओळखीच्या निदान दहा जणांनी बोलून दाखवलं आहे. त्यावरची कविता अजून कुणी दाखवलेली नाही.

१९७२ साली नामदेव ढसाळांचं 'गोलपिठा' आलं, विजय तेंडुलकरांची प्रस्तावना घेऊन. मध्यमवर्गीय वाचकाला त्यातले कितीतरी शब्दच परके होते. एकाचं रोजचं दुसऱ्यानं कधी पाहिलेलंही नसतं, हे तेव्हा फार जोरात कळलं. अरुण कोलटकरांचं इंग्रजी 'जेजुरी' १९७६चं, त्याला पुढच्या वर्षी कॉमनवेल्थ पारितोषिक मिळालं. एस.टी.तून जेजुरीला गेलेला माणूस, आणि त्याची बाही धरून पन्नास पैशांचं नाणं मागणारी म्हातारी. देवापेक्षा तीच जास्त लक्षात राहते.

आता आपल्याकडे. दूर गेलेल्या मराठी माणसांनी आपलं गाणं कसं सांभाळलं याचं एक उदाहरण बेने इस्रायलींचं आहे. त्यांचे पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवत, शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत. त्यांच्या बायकांच्या मराठी गाण्यांत जुन्या करारातल्या गोष्टी आहेत, आणि ती गाणी त्यांच्याबरोबर इस्रायललाही गेली. हजारो मैलांवरच्या वाळवंटातली गोष्ट कोकणातल्या घराच्या बोलीत. आपल्याला नेमकं उलट करायचं आहे, पण कसब तेच लागतं.

आपल्या हाताशी काय आहे? एक उदाहरण देतो. सुट्टी संपवून परत निघतानाचा विमानतळावरचा वजनकाटा. तेवीस किलो. पंचवीस भरलं. मागे रांग. फरशीवर उघडी बॅग, आणि आईनं दिलेल्यातलं काय काढायचं हे दोन मिनिटांत ठरवायचं. लोणच्याची बरणी की भाजणीचं पीठ की पुस्तक? काचेपलीकडे ती उभीच आहे, तिला दिसतंय का हे बघायचं धाडस होत नाही. तुकोबांच्या तराजूनंतर मराठी माणसाच्या आयुष्यात इतका बोलका काटा आला नसेल. यात घरची आठवण आहे, अपराधीपणा आहे, पैसा आहे, आणि यातलं एकही नाव घ्यायची गरज नाही. आखातातल्या मित्रांकडे इक़ाम्याची तारीख असेल, थंड प्रदेशातल्यांकडे पहाटे गाडीवरचा बर्फ खरवडणं. बर्फ खरवडायला लय असते, श्वास दिसतो, घर झोपलेलं असतं आणि बाहेर अंधार असतो. पहाटेच्या दळणाच्या इतकं जवळ दुसरं काही मला सुचत नाही.

"पण या वस्तूंना मराठी शब्द नाहीत ना," असं कुणी म्हणेल. बहिणाबाईंनी छापखान्याला आणि सुर्व्यांनी गिरणीला कुठे संस्कृत नाव शोधलं? जो शब्द तोंडी आहे तो चालतो. डिशवॉशरला डिशवॉशरच म्हणा. फक्त तो लावताना कोण कुणाशी बोलत होतं, किंवा बोलत नव्हतं, ते सांगा.

जाता जाता एक करा. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी १९८०च्या दशकापासून महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाच्या वर भरल्या. पॉइत्वाँ २००४ साली गेले. २०१७पासून हा संग्रह 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया'नं वेबसाइटवर आणायला सुरुवात केली, ओव्यांचे शब्द आणि ध्वनिमुद्रणं दोन्ही. त्यात सीता आहे, विठ्ठल आहे, आणि बाबासाहेब आंबेडकरही आहेत. त्यांच्यावरच्या ओव्या तर कितीतरी. बायकांनी हे गायलं तेव्हा बहुतेक गावांत पिठाची गिरणी येऊन पुष्कळ वर्षं झाली होती. रोज गाडी चालवताना जे ऐकता त्याऐवजी एक दिवस हे लावा. काही मुद्रणांत आवाजाच्या खाली दगडाची घरघर ऐकू येते, आणि मधेच कुणीतरी शब्द विसरते तेव्हा दुसरी तो पुढे चालवते.